पुसलेले मनोरे

मुनिरका, नवी दिल्ली
९ फेब्रुवारी

चि. प्रणिता,

आशीर्वाद लिहायला घेतलं, पण पेन पुढे जाईना. म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

काल आकाशरंगमधल्या फ्लॅटचा ताबा मिळाला. बी विंग, दहावा मजला. मी चांदीचा छोटा गणपती आणि साखरेची पुडी घेऊन गेले होते. आधी बाल्कनीचं दार उघडायचं ठरवलं होतं. दारच नाही. त्या जागी जाड काच बसवली आहे, तिला ना कडी ना बिजागरी. किल्ल्या द्यायला आलेली बाई म्हणाली, "मैम, सेफ्टी के लिए फिक्स कर दिया है. इस साइड हाई टेंशन लाइन है ना."

काचेतून बघितलं. समोर विजेचा मनोरा. त्याच्यावर लटकणाऱ्या चिनी मातीच्या चकत्या मी उभ्या उभ्या मोजल्या, एका माळेत चौदा. मोजता येतात इतक्या जवळ. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. काच बंद असूनही एक बारीक गुणगुण ऐकू येते, ती थांबत नाही.

आता गेल्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीचं आठव. आपल्या क्वार्टरच्या शेजारच्या सुमित्राच्या घरी फराळाला सगळे जमलो होतो. बिल्डरची ती फिल्म तुझ्याच स्टुडिओने केलेली. तू कौतुकाने तो डोळ्यांवर लावायचा चष्मा घेऊन आलीस आणि मला तो घातलास. मी त्याच बाल्कनीत उभी होते. समोर मोकळं आभाळ, लांबवर अरवलीची रांग, खाली किकरची, म्हणजे बाभळीची झाडं. एकही तार नाही, एकही मनोरा नाही. मी सगळ्यांसमोर तुला विचारलं, "हे खरं आहे ना गं?" तू म्हणालीस, "स्कॅन खरा आहे, आत्या. ड्रोनने टिपलाय."

मी अठ्ठावीस वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तळमजल्यावर काढली. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून भाजी निवडली. तुझ्या बाबांची गुवाहाटीला बदली झाली तेव्हा सहा वर्षं तूही तिथेच राहिलीस, त्याच ट्यूबलाइटखाली तुझे आर्किटेक्चरचे नकाशे काढलेस. मला निवृत्तीनंतर काय हवं होतं हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? त्या फिल्मवर मी घर घेतलं, आणि माझ्या शब्दावर सुमित्रा आणि तिच्या नवऱ्याने, विश्वनाथरावांनी, शेजारचं. "माझ्या भाचीने केलंय," असं मी छाती फुगवून सांगितलं होतं.

फोन करणार नाही. फोनवर तू रडतेस आणि मुद्दा बाजूला राहतो. लेखी उत्तर दे.

विजया


नोएडा
१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मराठीत इतकं लांब मी शाळेनंतर लिहिलेलं नाही, चुका असतील तर सॉरी.

पहिलं म्हणजे, ब्रोशर मी छापत नाही आणि फ्लॅट मी विकत नाही. आमच्याकडे बिल्डरचं काम येतं, आम्ही व्हिज्युअल करून देतो, बस. तू असं लिहिलंयस जणू मी तुला हाताला धरून बुकिंगच्या टेबलावर नेलं.

दुसरं, टेक्निकल. तुला समजावं म्हणून सोपं करून सांगते. पूर्वी आम्ही आजूबाजूचा परिसर कॉम्प्युटरवर हाताने बनवायचो. एकेक झाड, एकेक रस्ता. मग जुन्या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये एकेक चित्र तासनतास शिजत पडायचं. आता ड्रोन उडवतो. सप्टेंबरमध्ये पावसानंतर हवा साफ होती तेव्हा दोन दिवसांत अडीच हजार फोटो काढले. त्यावरून सॉफ्टवेअर हवेत लाखो रंगीत ठिपके ठेवतं. प्रत्येक ठिपका थोडा धूसर, पण सगळे मिळून खरी जागा दिसते, आणि तिच्यात फिरता येतं. मध्ये आम्ही बिल्डिंगचं मॉडेल बसवतो. याला स्प्लॅट म्हणतात.

यात बारीक वस्तू नीट येत नाहीत. तार फोटोत केसाएवढी असते. ड्रोन हलतो, तार हलते, सॉफ्टवेअरला ती कुठे आहे ते कळत नाही. ती तुटक धुरासारखी येते किंवा येतच नाही. जगभर हा प्रॉब्लेम आहे. तारा आम्ही लपवल्या नाहीत, त्या आल्याच नाहीत.

काच बसवली हे फार वाईट झालं, मला खरंच वाईट वाटतंय. पण ते बिल्डरने केलंय. त्याला विचार ना. मला का?

प्रणिता


मुनिरका
२६ फेब्रुवारी

चि. प्रणिता,

छत्तीस वर्षं मी मंत्रालयात फायली वाचल्या. ज्या टिपणात एका गोष्टीचं भरपूर स्पष्टीकरण असतं, त्यात दुसरी एखादी गोष्ट गाळलेली असते.

तारा केसाएवढ्या. मान्य. मनोरे?

ते लोखंडाचे आहेत, दहा मजली उंच आहेत, आणि ते हलत नाहीत.

विजया


मुनिरका
२४ मार्च

विषय: स्मरणपत्र.
संदर्भ: माझे दि. २६ फेब्रुवारीचे पत्र. उत्तर अप्राप्त.

दरम्यान सुमित्राने माझ्याशी बोलणं सोडलं आहे. विश्वनाथराव जूनमध्ये निवृत्त होतील, सहा महिन्यांत क्वार्टर रिकामं करावं लागेल. बंद काचेच्या त्या घरात राहायला जावं लागणार म्हणून ती रोज रडते, असं त्यांनी मला मेट्रो स्टेशनवर उभ्या उभ्या सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, जणू चूक त्यांचीच होती.

उत्तर दे. नाही तर कळव की देणार नाहीस.

विजया


नोएडा
२ एप्रिल

आत्या,

ठीक आहे. ऐक मग.

मनोरे मी पुसले.

मी. दुसऱ्या कोणी नाही. स्कॅनमध्ये पाचही मनोरे एकदम स्वच्छ आले होते. तारा आल्या नव्हत्या, ते खरंच होतं, त्यामुळे ते मनोरे नुसतेच उभे दिसत होते, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे. मी निहार सरांना दाखवलं. ते आमचे डायरेक्टर. मी म्हणाले, तारा हाताने मॉडेल करून घालते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते हसले. म्हणाले, "यार प्रणिता, तारें नहीं आईं तो तारें क्यों बनाओगी? खंभे हटा दो. अजीब लग रहे हैं."

मी म्हणाले, सर, पण ते तिथे आहेत.

"तो? कल पेड़ सूख जाएगा तो क्या पेड़ भी हटाओगी? क्लाइंट को क्लीन व्ह्यू चाहिए."

मग मी सांगितलं की परिसर जुन्या पद्धतीने करूया. हाताने बनवू, तीन आठवडे लागतील, आणि खाली नेहमीची ओळ टाकू, 'हे चित्र कलाकाराची कल्पना आहे' अशी. ते म्हणाले, तीन आठवडे कोण देणार? शिवाय क्लाइंटने स्कॅन घेतला आहे तो ती ओळ काढता यावी म्हणूनच. लोक आता रेंडरवर भरवसा ठेवत नाहीत, यावर ठेवतात. "ये ड्रॉइंग नहीं है, ये कैप्चर है." फिल्मच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत त्यांनी 'रियल कैप्चर' घातलं. तूच सुमित्रा काकूंना ते वाचून दाखवलं होतंस.

मग मी जागेवर बसले आणि ब्रश घेतला. त्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रश असतो. ठिपक्यांवरून फिरवला की ठिपके जातात. एक मनोरा पुसायला चार मिनिटं लागली. मागे भोकं पडली तिथे आभाळाचे ठिपके कॉपी करून भरले. जेवायच्या सुट्टीच्या आत पाचही गेले. सगळ्यांनी "क्या क्लीन काम है" म्हटलं आणि मला बरं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण बरं वाटलं.

आता मला पण राग आहे, तो पण ऐक. दिवाळीला मी तो हेडसेट माझं काम दाखवायला आणला होता, घर विकायला नाही. तुला ते घर घ्यायचंय हे मला माहीत नव्हतं. तू चष्मा काढलास आणि डोळे पुसत पुसत सगळ्यांना म्हणालीस, "माझी पोर बघा." आणि मग विचारलंस. वीस लोकांसमोर. मी काय म्हणायला हवं होतं? "नाही आत्या, मी पाच मनोरे पुसलेत"? मी 'स्कॅन खरा आहे' म्हणाले कारण ते खोटं नव्हतं. इतके शब्द निवडून मी आयुष्यात कधी बोलले नसेन.

नंतर फोनवर मी तुला दोनदा सांगितलं, साइट बघून ये, नीट बघ. तू गेलीस. आल्यावर म्हणालीस, छान आहे. मग मी गप्प बसले. तुला तिथे मनोरे दिसले नाहीत, आत्या? दहा मजली उंच आहेत, तूच लिहिलंयस.

प्रणिता


मुनिरका
१० एप्रिल

चि. प्रणिता,

दिसला होता.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. साइटभोवती बारा फूट उंच हिरवे पत्रे होते, आत नुसत्या सेल्स ऑफिसात नेलं, वर जाऊ दिलं नाही. पण कॅबमधून उतरताना मला पत्र्यांच्या वर एका मनोऱ्याचं टोक दिसलं. मी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "मैम, वो लाइन अंडरग्राउंड हो रही है. फिल्म में देखा ना आपने? पज़ेशन तक सब साफ." मी मान डोलावली. कागद मागितला नाही. मी, जिने छत्तीस वर्षं तोंडी आश्वासनावर कोणाचा प्रवासभत्ता पास केला नाही!

का मागितला नाही, ते सांगते. डोळ्यांना दिसलेला मनोरा आणि तुझ्या फिल्ममधलं आभाळ यांत मी तुझ्या फिल्मवर विश्वास ठेवला. माझ्या पोरीने केलेल्या कामात तो नाही, म्हणजे तो जाणारच असेल, असा हिशेब केला. आणि सुमित्राला यातलं काही बोलले नाही. ती शंकेखोर आहे, तिने माघार घेतली असती, आणि मला शेजारी ती हवी होती. म्हातारपणी भिंतीपलीकडे ओळखीचा आवाज हवा होता.

तेव्हा तुझ्यावरच्या रागातला काही भाग माझा माझ्यावरचा आहे, हे मी मान्य करते. पण तू त्याने सुटत नाहीस. मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं. शब्द निवडून बोललीस म्हणतेस. शब्द निवडायला तुला मीच शिकवलं, तुझे सगळे अर्ज मी तपासत असे. ते यासाठी नव्हतं.

आता काम. त्या बाजूच्या बत्तीस घरांपैकी एकोणीस जणांनी मिळून बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे तक्रार करायचं ठरवलं आहे. मसुदा मी केला. बिल्डरचा वकील म्हणतो की फिल्म हा ड्रोनचा प्रामाणिक स्कॅन होता, यंत्राला तारा टिपता आल्या नाहीत यात कोणाचाच दोष नाही. म्हणजे तू मला पहिल्या पत्रात जे लिहिलंस, तेच. वाचताना मला वाटलं, त्याने तुझंच पत्र उतरवून काढलं.

मला तुझी माफी नको. ड्रोनचे मूळ फोटो हवेत. पाठव.

विजया


नोएडा
२९ एप्रिल

प्रिय आत्या,

फोटो पाठवत नाही. रागावण्याआधी पुढे वाच.

ते फोटो स्टुडिओचे आहेत. मी चोरून दिले तर वकील सगळ्यात आधी तेच म्हणेल, आणि मग मनोरे बाजूला राहतील आणि माझी चोरी चालेल. तूच सांगायचीस ना की कागद कुठून आला हे कागदाइतकंच महत्त्वाचं. म्हणून मी एका वकील मॅडमना भेटले आणि शपथपत्र केलं. सोबत जोडलंय. त्यात लिहिलंय की स्कॅनमध्ये पाच मनोरे होते, ते कोणत्या तारखेला पुसले, कोणी सांगितलं, कोणी पुसले. पुसायच्या आधीची फाईल आणि मूळ फोटो स्टुडिओच्या सर्व्हरवर कोणत्या नावाने ठेवलेत तेही. प्राधिकरणाला ते मागवता येतात. तुमच्या अर्जात ती नावं जशीच्या तशी घाला. स्पेलिंग बदलू नका.

सही करण्याआधी मी निहार सरांना सांगितलं. पाठीमागून करायचं नव्हतं. ते आधी समजावत होते. "सब करते हैं यार, तुम्हें क्या लगता है?" मग विचारलं, किती मिळणार? मी म्हणाले, काही नाही, माझ्या आत्याचं घर आहे. ते म्हणाले, "तो आंटी को बोलो परदा लगा लें."

मला माहीत नाही मला काय झालं. मी ओरडले. पूर्ण ऑफिससमोर. सात वर्षांत तिथे कधी आवाज चढवला नव्हता. मी म्हणाले, तुम्ही माणसाच्या डोळ्यांवर खोटं आभाळ बांधता आणि वर त्याला खरं म्हणता. जुनं चित्र काढायचो तेव्हा निदान खाली लिहायचो की हे चित्र आहे. आणि मी तुमच्यासाठी ते बांधलं, आणि चांगलं बांधलं. कोणी मान वर करून बघितलं नाही. सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत बसले.

दुपारी लॅपटॉप जमा करायला सांगितलं. गेटवर कार्ड काढून घेतलं.

बाबांना अजून सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

तू लिहिलंस की तुला माफी नको. नाही देत. पण दिवाळीच्या त्या दिवशी तू डोळे पुसत होतीस ते मला रोज दिसतं, आणि तेव्हा मला माझाच खूप राग येतो. इतकंच.

प्रणिता


मुनिरका
१२ सप्टेंबर

चि. प्रणिता,

निकालाची प्रत काल आली. त्या बाजूच्या ज्यांना घर नको असेल त्यांना पूर्ण रक्कम व्याजासह परत करायची, घर ठेवणाऱ्यांना बंद बाल्कनीची भरपाई द्यायची, आणि ती फिल्म सगळीकडून काढून टाकायची. बिल्डर अपील करील असं म्हणतात. करू दे. मी घर परत देते आहे.

सुनावणीच्या दिवशी आपण बोललो नाही. तू शेवटच्या रांगेत बसलीस, मी पहिल्या. मुद्दाम वळून बघितलं नाही. स्टुडिओला मूळ फोटो द्यावे लागले आणि ते भिंतीवर लावले, तेव्हा सगळे मनोरे एकदम दिसले. काही फोटोंत तारासुद्धा होत्या, केसाएवढ्याच, पण होत्या. मागून कोणीतरी "हे भगवान" म्हणालं.

मग त्या वकिलाने तुला उभं केलं. त्याला तुझ्यावर ढकलून मोकळं व्हायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "खंभे आपने खुद डिलीट किए?" तू म्हणालीस, "हां जी, मैंने." तो म्हणाला, "किसी ने मजबूर किया था?" त्या क्षणी, प्रणिता, मी पदराची गाठ आवळून मनात म्हणत होते, हो म्हण. म्हण की नोकरीची भीती होती. तुझ्यावर सात महिने जळणारी मी, मला तेव्हा तू सुटायला हवी होतीस.

तू म्हणालीस, "कहा गया था. हाथ मेरा था."

वकील खाली बसला. मी तेव्हाही वळले नाही, कारण माझा चेहरा तुला दाखवायचा नव्हता.

बाकीची बातमी. विश्वनाथरावांनी घर ठेवायचं ठरवलं आहे, आता दुसरीकडे शोधायची ताकद नाही म्हणाले. बाल्कनीची भरपाई घेतील. पत्र्यांवरून दिसलेल्या मनोऱ्याची गोष्ट मी स्वतः जाऊन सुमित्राला सांगितली. तिने चहाचा कप माझ्यासमोरून उचलला आणि आत घेऊन गेली. बाहेर आलीच नाही. विश्वनाथराव दारापर्यंत पोचवायला आले, म्हणाले, "प्रणिताला काही वाटून घेऊ नको म्हणावं, ती लहान आहे." माझ्याबद्दल काही म्हणाले नाहीत.

तुझी नोकरी गेल्याचं दादाला मी सांगितलेलं नाही. पण तू सांग. लवकर.

लाजपत नगरला एक जुना फ्लॅट बघितला आहे. दुसरा मजला, वीस वर्षांपूर्वीची इमारत, जिन्यात ओल आहे. बाल्कनी लहान आहे आणि समोर कोणाचे तरी कपडे वाळत असतात. मालक रविवारी अकराला दाखवणार आहे. घर बांधतात कसं ते तू शिकलेली आहेस, मी नाही. भिंती ठोकून बघ, नळ सोडून बघ, आणि जे दिसेल ते मला तोंडावर सांग, कितीही वाईट असलं तरी.

माझा राग गेलेला नाही. गेला की कळवीन. रविवारी ये.

अनेक आशीर्वाद.

आत्या